देवघराखालचा उतार

आमच्या संडासाचा पाइप आता अगदी बरोबर उतारात आहे. तांब्याभर पाणी ओतलं तरी सगळं सरळ गल्लीतल्या चेंबरमध्ये जातं. हे तुम्ही वाचलंच नाही असं धरू, कारण आईनेही ते पाहिलं नाही.

आईचा खुबा मोडला. डॉक्टर म्हणाले, उकिडवं बसणं बंद, कमोड लागेल. म्हणून सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरात, तिच्या मागच्या खोलीला लागून कमोड बसवायचं ठरलं. कडू मिस्त्रीने तिथपासून गल्लीपर्यंत खडूने सरळ रेघ ओढली. रेघ देवघरातून गेली.

"माझ्या देवांच्या खालून?" आई पलंगावरून ओरडली. "मिस्त्री, तुझ्या घरी नेशील का असा?"

"माझ्या घरी संडासच नाही, काकू."

"मग घुमवून ने."

"घुमवला तर लंबाई वाढते, उतार मरतो. नाहीतर कमोड उंच घ्या, पायऱ्या चढून जायचं."

"पायऱ्या चढता आल्या असत्या तर तुला कशाला बोलावलं असतं?"

पाइप घुमला. स्वयंपाकघर, जिना, मोरी असं सगळं घर बघत तो चेंबरला पोचला, आणि आतलं सामान वाटेतच मुक्कामाला राहिलं. आई जाऊन आली की मी बांबूची लांब पट्टी घेऊन आत. आतून कॉमेंट्री करायचो, "जिन्यापर्यंत गेलं! आता मोरी!" सुरुवातीला आई हसली. नंतर म्हणाली, "पव्या, बस कर रे. पोराला आईचं असं काढावं लागू नये."

"लहानपणी तू माझं काढलंस ना? हिसाब बराबर."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग पाइप सुधारू लागला. पट्टी दिवसाआड लागायची, पुढे त्याहून कमी. बहादरपूरच्या मामाने केळी पाठवली, ती आईने शेजारी वाटून टाकली. भूक नाही, म्हणाली. तिच्या उशाच्या खिडकीतल्या कुंडीतला कढीपत्ता मात्र वाढून गजांबाहेर गेला. मी मिस्त्रीला फोन करून सांगितलं, "मान गये, तुमचा पाइप चालतोय."

पाइप चालत नव्हता. आईचा पाण्याचा तांब्या रोज कढीपत्त्याला जात होता.

दवाखान्यात नेलं तेव्हा किडन्या बसल्या होत्या. "यांना पाणी का देत नव्हता?" डॉक्टरांनी विचारलं. आमच्या घरात पाणी हटायला तयार नव्हतं, आणि आई पाण्यावाचून गेली.

सुतक लागलं. देव पूजेसाठी शेजारच्या ज्योत्स्नाकाकूंकडे गेले. भेटायला आलेला कडू मिस्त्री रिकाम्या देवघराकडे बघत राहिला. "भैया, बोलू नये, पण आता वर कोणी नाही. करून टाकू सीधा?"

मी हो म्हणालो. सकाळी खोदलं, संध्याकाळी पाइप सरळ.

सुतक फिटल्यावर काकू देव घेऊन आल्या. उकरलेली फरशी बघून थबकल्या. "मग देव समोरच्या भिंतीला ठेवू या की. त्यात काय?"

ठेवले. चहा उकळायच्या आत झालं. देवांनी काही तक्रार केली नाही.

सबब, संबंधित अधिकाऱ्यांस विनंती की, मयत कोकिळाबाई, राहणार सिंधीपुरा, बुरहानपूर, यांना पोटभर पाणी पिऊन सदर संडासाचा एक वेळ वापर करण्यापुरतं घरी येण्याची परवानगी द्यावी. जाण्यायेण्याचा खर्च अर्जदार सोसेल. पट्टी लागणार नाही, याची हमी सोबत जोडली आहे.