टोक नीट बसलं पाहिजे

शाळेच्या फाटकापाशी वर्गशिक्षिकाबाईंनी ताईला गाठलं आणि तोंडभर हसून म्हणाल्या, "बरं झालं भेटलात! तुम्ही रॉकेटच्या लॅबमध्ये काम करता, हे आम्हाला इतके दिवस माहीतच नव्हतं हो. आमच्या मुलांना एखादं छोटंसं रॉकेट उडवून दाखवाल का? येत्या रविवारी?"

ताईची दातखीळ बसली. धाकट्या भावाची ती ताई, आणि कामाच्या ठिकाणी तर तिच्याहून थोरलेही तिला ताईच म्हणत. काम लॅबमध्ये होतं, हे अगदी खरं. फक्त ती लॅब कवळ्यांची होती. दातांच्या दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे साचे येत, ताई त्यांवर मेणात एकेक दात मांडी, मेणाच्या जागी गुलाबी हिरड्या भरी, मग सगळं घासूनपुसून असं चकचकीत करी की ज्याची कवळी त्याला ती तोंडात घालायची घाई व्हावी. यात रॉकेट कुठून घुसलं, हे तिला कळेना.

तिने शेजारी पाहिलं. लेक दप्तराचा पट्टा हातात पिळत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला होता. ते पाहून ताईला सगळं कळलं.

"दाखवीन की," ताई म्हणाली. "रविवारी ना?"

घरात आल्यावर ताईने चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच राहून विचारलं, "हं. बोला."

"मी फक्त लॅब म्हटलं होतं," लेक म्हणाली. "तुझी आई काय करते असं विचारलं, तर मी म्हटलं, लॅबमध्ये असते. मग कुणीतरी म्हणालं, कसली लॅब? रॉकेटची? मी नाही नाही म्हटलं."

"नाही, नाही म्हटलंस?"

"म्हणजे 'नाही' असं म्हटलंच नाही."

ताईला हसू आलं असतं, पण राग आधी आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. आधीच्या शाळेत याच मुलीने आई कवळ्या बनवते हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव बोळकी पडलं. तिने डबा उघडला की पोरं ओठ आत ओढून चघळल्याचं सोंग करायची, तिला हाक मारायची तीही दात नसलेल्या म्हाताऱ्याच्या आवाजात. सगळं वर्ष पोरीने ते काढलं. मग घर बदललं, शाळा बदलली, आणि इथे तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं भेटली. ते नाव तिला टिकवायचं होतं, बस.

सकाळी बाईंना खरं सांगून टाकलं असतं तर ताईची सुटका झाली असती, आणि दुपारपर्यंत लेक पुन्हा बोळकी झाली असती. ताईने चहा गाळला. एक रॉकेट उडवायचं, टाळ्या घ्यायच्या आणि पुन्हा त्या विषयाचं नाव काढायचं नाही, असं तिने ठरवलं. आपल्या कामाची पोरीला लाज वाटते, हे मात्र तिला रात्रीच्या जेवणातही घासागणिक लागत होतं.

तिचा भाऊ खेळण्यांच्या दुकानात विक्रेता होता. त्याला फोन गेला, आणि तो दुसऱ्याच दिवशी एक लांबोडकं खोकं घेऊन हजर झाला. "नवशिक्यांसाठी आहे," तो म्हणाला. "दहा वर्षांचं पोरही जोडू शकतं म्हणे. म्हणजे तुला जरा जड जाईल."

खोक्यात पुठ्ठ्याची एक नळी, हलक्या लाकडाचे पंख, प्लास्टिकचं निमुळतं टोक, नारिंगी प्लास्टिकची हवाई छत्री, दोरे आणि रबरी नाडी निघाली. इंजिन म्हणजे आत दारू ठासलेलं, मातीचं बूच बसवलेलं जाडसर पुठ्ठ्याचं नळकांडं. ते मामाने स्वतःच्या खिशात ठेवलं आणि मैदानावर गेल्याशिवाय कुणालाही हात लावू देणार नाही, असं जाहीर केलं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम मांडलं गेलं. पंख चिकटवताना ताईने मोजपट्टीला हातही लावला नाही. एक डोळा मिटून नळीकडे टोकाच्या बाजूने पाहिलं, एक पंख केसभर सरकवला, पुन्हा पाहिलं. समोरचे दात सरळ रेषेत मांडायचे तर असंच पाहावं लागतं. मामा म्हणाला, "अगं, हवेत उडवायचंय, लग्नाला नाही न्यायचंय." लेक खळखळून हसली. फाटकावरच्या त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच हसत होती. मग तिने पंखांना कडेकडेने डिंक फिरवला, बोटाने तो गुळगुळीत केला, आणि नळीला निळा रंग दिला. रंग थोडा टेबलाला, थोडा कोपराला आणि बराचसा नळीला लागला.

छत्रीची घडी घालायला मामाने शिकवलं. आधी आग न लागणारा कागद चुरगाळून नळीत कोंबायचा, त्यावर छत्री, वर टोक. "इंजिन जळत वर जातं," तो म्हणाला. "संपता संपता एक छोटा बार पुढच्या बाजूला काढतं. त्याने टोक निघतं, छत्री बाहेर पडते आणि स्वारी डुलत डुलत खाली. टोक नाडीला बांधलेलं असतं, हरवत नाही." मग त्याने सूचनांचा कागद वाचला, "टोक नळीत नीट बसले पाहिजे. सैल वाटल्यास चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा." आणि तो उद्या दुकान उघडायचंय म्हणून निघून गेला.

तो गेल्यावर ताईने रॉकेट उचलून कानाशी हलवलं. टोक खुळखुळलं.

आता हा आवाज ज्याने सोसायचा त्याने सोसावा. ताईला तो सोसवत नव्हता. लॅबमध्ये परत येणाऱ्या कामांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच असे. बोलताना पडते, खाताना हलते, शिंक आली की हातात येते. एका गृहस्थांची तर भर सभेत, "माझे दोन शब्द" म्हणता म्हणता समोरच्या फुलदाणीत गेली होती. ताईच्या धंद्यात 'नीट बसणं' या शब्दांना एकच अर्थ होता. नीट बसलं म्हणजे ओढलं तरी निघता कामा नये. चिकटपट्टीचा वेढा म्हणे! चिकटपट्टीने काय बसतं?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने पिशवीतून रॉकेट काढलं. सैल कवळीला आतून अस्तर घालतात त्याची गुलाबी पूड घेतली, औषध घालून कालवली. नाकात जाणारा तो वास खोलीभर पसरला. टोकाच्या खालच्या कडेला तिने एकसारखा थर दिला, नळीत दाबून बसवलं आणि घट्ट धरून ठेवलं. बाहेर आलेली कड खरवडून साफ केली. वरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं.

लॅबचे मालक मागे येऊन उभे राहिले. "कुणाचं तोंड आहे हे, ताई?"

"रॉकेटचं."

"हां," मालक म्हणाले आणि पुढे गेले. ताईबद्दल आश्चर्य वाटून घेणं त्यांनी फार पूर्वीच सोडलं होतं.

ताईने टोक ओढून पाहिलं. हललं नाही. तिच्या जिवात जीव आला. टोक निघायचं असतं, हे मामाने सांगितलं होतं, तिने ऐकलंही होतं. पण हात कामाला लागले की ताईचं डोकं हातांना काही विचारत नसे, आणि हातांना माहीत होतं ते एवढंच.

रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या मैदानावर अर्धाअधिक वर्ग जमला. बाई होत्या, काही पोरांनी सायकली आणल्या होत्या. मामाने तिपाईवर लोखंडी सळी उभी केली, रॉकेटमध्ये इंजिन बसवलं, त्यात तार खोचली आणि लांबलचक वायर ओढत बटणाची पेटी घेऊन मागे आला. सगळ्यांना त्याने आणखी मागे सरकवलं. तेवढ्या वेळात पोरांनी ताईला घेरलं.

"काकू, तुम्ही रोज रॉकेट उडवता?"

"रोज नाही."

"चंद्रावर जाणारं पण तुम्हीच बनवलं?"

"नाही रे, ते दुसऱ्या लॅबचं."

"मग तुमच्या लॅबमध्ये काय होतं?"

"बारीक काम," ताई म्हणाली. यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं, तरी तिला घाम फुटला होता. लेक तिच्या मागे जवळजवळ लपूनच उभी होती.

पोरांनी घसा फोडून उलटे आकडे मोजले. शून्यावर लेकीने बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग सुर्रकन आवाज झाला, पांढरा धूर उठला आणि रॉकेट सळीवरून असं निघून गेलं की ते नजरेत पकडेपर्यंत टाकीच्या वर पोचलं होतं. आणखी वर गेलं. सरळ, एका रेषेत, जराही न डगमगता. पोरांनी जो काही कल्ला केला! लेक आईच्या मागून पुढे आली आणि मान वर करून, तोंड उघडं टाकून बघत राहिली. आपण जोडलेलं काहीतरी तिथे वर आहे, या विचाराने ताईही हरखून गेली.

मग वरून फट् असा आवाज आला. धुराचा एक पुंजका दिसला. सगळे छत्रीची वाट पाहू लागले.

छत्री आलीच नाही. रॉकेट गरगरत, कोलांट्या खात खाली आलं आणि गवतात पडलं.

मामा धावत जाऊन ते घेऊन आला. बाराने नळी कुशीत उभी फाटली होती आणि फटीतून नारिंगी छत्रीचा कोपरा डोकावत होता. टोक मात्र होतं तिथेच, जसंच्या तसं. मामाने ते ओढलं. पिळलं. नळी दोन्ही गुडघ्यांत धरून ओढलं. "ताई," तो हळूच म्हणाला, "काय केलंस तू याला?"

"बसवलं," ताई म्हणाली आणि बोलता बोलताच तिच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्या वर्गासमोर पोरीला तोंडघशी पाडलं होतं, आणि तेही स्वतःच्या हातांनी. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने फाटलेल्या नळीत डोकावून पाहिलं. "हे आत गुलाबी काय आहे?"

डिंक, असं सांगायला ताईने तोंड उघडलं. एका शब्दात निभावलं असतं. पण तिच्याआधी लेक बोलली.

"हिरडी आहे."

"काय?"

"हिरडी. कवळीच्या हिरड्या ज्याच्या करतात ना, ते आहे ते." लेकीचे कान लालबुंद झाले होते. "माझी आई कवळ्या बनवते. रॉकेटचं मी खोटं सांगितलं होतं. आईने नव्हतं सांगितलं, मी सांगितलं."

मग दोघा-तिघांनी दात काढले. एकाने ओठ आत ओढून बोळक्याचा चेहरा करून दाखवला, आणि ते पाहून आणखी चौघे हसले. ताईचा जीव तळमळला. तिने लेकीचा खांदा धरला, तिला घरी घेऊन जावं म्हणून.

लेक खांदा सोडवून पुढे गेली. मामाच्या हातातलं रॉकेट तिने घेतलं आणि चेहरा करणाऱ्या पोराच्या पुढ्यात धरलं. "हस की. पण आधी हे टोक काढून दाखव."

त्याने ओढलं. नुसतंच ओढलं, मग दात-ओठ खाऊन ओढलं. मग त्याच्या हातातून दुसऱ्याने घेतलं. वर्गातला सगळ्यात दांडगा पोरगा आला, त्याने पाय रोवले, तोंड टोमॅटोसारखं लाल केलं, आणि नळीचा आणखी एक तुकडा फाटून त्याच्या हातात आला. टोक तसूभरही हललं नाही. बाईंनी सुद्धा, कुणी बघत नाहीसं पाहून, एकदा ओढून पाहिलं.

"च्यायला," दांडगा पोरगा म्हणाला आणि बाईंकडे बघून त्याने जीभ चावली. मग तो रॉकेट हातात फिरवू लागला. "आमच्या आजोबांची कवळी जेवताना पडते," तो म्हणाला. "म्हणून ते सगळ्यांबरोबर जेवायलाच बसत नाहीत. सगळ्यांचं झालं की एकटेच बसतात."

कुणी हसलं नाही.

"सैल झाली असेल," लेक म्हणाली. ताई रोज जेवताना ज्या सुरात कामाबद्दल बोले, तोच तो सूर. "म्हातारपणी हिरड्या झिजतात, मग सैल होते. नवी नाही लागत, आतून अस्तर घातलं तरी चालतं. आधी दवाखान्यात दाखवावं लागतं, मग ती लॅबमध्ये येते." आणि मग ती मागे वळली, आणि सगळ्या वर्गाच्या देखत, मोठ्याने म्हणाली, "आई, त्याच्या आजोबांची तू करशील ना गं?"

ताईला एकदम भरून आलं. तिने मान हलवली.

"करते," ती म्हणाली. "पाठव त्यांना."