फक्त पांढऱ्या गराचं तेल

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तेल गिरणीच्या केमिस्टने प्रमाणपत्रावर सही करायला नकार दिला. टँकर भरून फाटकाशी उभा होता. करारानुसार खोबरेलाचं आयोडीन मूल्य, म्हणजे तेल किती आयोडीन पकडतं तो आकडा, दहाच्या आत हवं होतं. तिच्या चाचणीत ते बारा पूर्णांक आठ आलं होतं.

गिरणीचा मालक तिचा सख्खा काका.

"परत कर," तो म्हणाला.

"तीनदा केलं."

"थेंब कमीजास्त पडला असेल."

"काका, मला इथे सगळे अर्धाथेंब म्हणतात. नाव तुम्हीच ठेवलंय."

ते खरं होतं. चाचणी करताना मोजनळीच्या टोकाला लोंबणारा अर्धा थेंब काचेला टेकवून ती आत धुऊन घेई आणि निळा रंग जाईपर्यंत कुणाशी बोलत नसे.

काकाने बाटली उजेडात धरली. तेल पाण्यासारखं नितळ होतं. "खोट दाखव."

"रंगात नाही," ती म्हणाली आणि तासणीच्या शेडमध्ये गेली.

तिथे वीस बायका खोबऱ्याच्या पाठीवरची तपकिरी साल तासतात. साल वेगळी ठेवायची, ती साबणवाल्याला जाते. आज टेबलांखाली एकही टोपली नव्हती.

"मावशी, साल कुठे गेली?"

तासणीवरची सगळ्यात जुनी बाई मान वर न करता म्हणाली, "परवापासून गरातच ओततोय. मागची साचलेली पोतीसुद्धा गेली. आम्ही म्हटलं, मिसळायचीच तर तासायची कशाला? तर मुकादम म्हणे, हात चालवा, तोंड नको."

केमिस्टने मूठभर साल मागून घेतली, लहान दाबयंत्रात तिचं तेल काढलं आणि तपासलं. आयोडीन मूल्य चोवीस. नुसत्या गराचं आठ. टँकरमधलं साधारण तीन दशांश तेल सालीचं होतं. काकाने ते रंग शोषणाऱ्या मातीतून दोनदा गाळलं होतं. आयुष्यभर तो तेल डोळ्यांनी आणि नाकाने पारखत आला होता. रंग गेला की साल गेली, असं त्याने धरलं. मातीने रंग घेतला, पण सालीच्या तेलात जास्त असणारं ओलेइक आम्ल तसंच राहिलं, आणि आयोडीन तेच पकडतं.

दीड वाजता तिने दोन्ही आकडे त्याच्यासमोर ठेवले.

"विष नाही घातलं," तो म्हणाला. "साल नारळाचीच आहे. उलट जास्त पौष्टिक, तूच सांगायचीस."

"अजूनही सांगते. मग लेबलवर लिहा. 'फक्त पांढरा गर' खोडा."

"मग खरेदीदार घेणार नाहीत."

"ते आजाऱ्यांचं खाणं बनवतात, काका. तेलात लॉरिक आम्ल किती, त्यावर त्यांचं प्रमाण बसतं, आणि सालीच्या तेलात ते कमी. नळीने जेवणारा माणूस तक्रार करायला येणार नाही, एवढंच."

"माझ्या घरात वाढलीस."

"वाढले. सही मात्र माझी आहे."

काका बराच वेळ बाटलीचं बूच फिरवत राहिला. "उद्यापासून येऊ नकोस."

"हजेरीपटावर नाव आहे तोवर येणार."

प्रत्येक घाण्याच्या दोन बाटल्या भरतात. एक तपासायची, दुसरी लाखेने मोहोरबंद करून कपाटात ठेवायची. वाद झाला तर दुसरी बाहेरच्या प्रयोगशाळेत जाते, असं करारातच आहे. दोन वाजून दहा मिनिटांनी तिने कपाट उघडलं, वहीत नोंद केली आणि बाटली कुरिअरवाल्याच्या हातात दिली. काका दारातच उभा होता. कुरिअरवाला म्हणाला, "साहेब, जरा वाट देता?" काका बाजूला झाला.

तीनच्या सुमारास शेडमध्ये कुणीही न सांगता टोपल्या परत आल्या. "सवय मोडत नाही बाई," मावशी मुकादमाला म्हणाली आणि साल टोपलीत टाकत राहिली.

पाच वाजता मालकाच्या टेबलावर दोन कागद होते. एक प्रमाणपत्र, सहीची जागा कोरी. दुसरं केमिस्टला कामावरून काढल्याचं पत्र. त्यावरही सही झालेली नव्हती. टँकर फाटकाशीच होता. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नव्हता.