बंद होता होता राहिलेला पत्ता

मी एक जुना पत्ता आहे. घराचा नव्हे मित्रांनो, ईमेलचा. माणसांनी लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा एक कंपायलर आहे. जगभरची माणसं तो फावल्या वेळात घडवतात आणि सगळ्यांना फुकट देतात. तो कुठे अडखळला की पडद्यावर ओळ उमटे, 'चूक आढळल्यास इथे कळवा', आणि त्यापुढे मी!

माझ्या भरभराटीत मी माणसं पुष्कळ पाहिली. कोणी नुसतं लिही, 'चालत नाही. लवकर करा.' काय चालत नाही, ते आम्ही स्वप्नात पाहायचं! कोणी स्वतःची चूक आमच्या माथी मारी आणि ती उघडकीला आली की गुपचूप पसार होई.

पुढे चुका नोंदवायला नवं, ऐसपैस संकेतस्थळ निघालं. माझ्याकडे जाहिराती तेवढ्या उरल्या. तरी कंपायलर सांभाळणाऱ्यांतली सगळ्यांत जुनी ताई रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मला उघडून पाही. साफसफाईची भारी हौस असलेला तिचा सहकारी, सगळ्यांचा 'झाडूवाला', एकदा फोनवर वैतागला.

"ताई, शुक्रवारी तो पत्ता बंद करतोय मी. नुसता कचरा येतो!"

"अरे, कंपायलरच्या जुन्या प्रतींत तोच छापलाय. लोक तिकडेच जाणार."

"शिकतील हळूहळू."

"तुझ्यासारखे? आत्तासुद्धा आधी माझ्या जुन्या नंबरवर फोन लावलास ना?"

त्याच आठवड्यात जाहिरातींच्या ढिगात एका बापाचं पत्र आलं. तो श्रवणयंत्रं बनवी. 'लेकीच्या नव्या यंत्राचा प्रोग्राम तुमच्या कंपायलरच्या नव्या आवृत्तीने बनवला. वर्गात गलका झाला की यंत्र मुकं होतं. ती आता मागच्या बाकावर बसते, कोणाशी बोलत नाही. कुठे कळवायचं ते समजेना, म्हणून जुन्या प्रतीतल्या या पत्त्यावर लिहितोय.' सोबत अख्खा प्रोग्राम जोडलेला.

ताईने उत्तर दिलं, 'दादा, मला गळका नळ हवाय, तुम्ही पूर्ण घर पाठवलंत. एकेक खोली काढत जा. गळती थांबली की शेवटची खोली परत ठेवा आणि उरेल तेवढंच पाठवा.'

बापाने काटून काटून हातभर प्रोग्राम बोटभर केला. तेव्हा दिसलं, की कंपायलरने सगळे तुकडे बरोबर घडवले होते. ते जोडणाऱ्या लिंकर नावाच्या शेजारच्या अवजाराने गलका आवरणारा तुकडा बिनकामाचा समजून फेकून दिला होता.

"म्हणजे आपली चूक नाहीच!" झाडूवाला खुलला. "लिहून टाक, चुकीच्या दारी आलात."

"लिहिते. पण योग्य दारापर्यंत सोडून येते."

लिंकरवाल्यांकडे ताईने स्वतः तक्रार नोंदवली, बापाला तिथे जोडून दिलं आणि दुरुस्ती होईपर्यंत त्यांच्या मागे लागून राहिली.

शुक्रवारी झाडूवाल्याने मला बंद केलं नाही. माझ्या दारावर, येणाऱ्या प्रत्येकाला आपोआप जाणारं एक उत्तर मात्र टांगलं: कोणत्या अवजाराची तक्रार कुठे न्यायची, सोबत काय पाठवायचं, आणि तरी समजलं नाही तर इथेच लिहा, ताई वाचते.

मित्रांनो, चूक सांगायला योग्य दार शोधा, काय घडलं ते नेमकं सांगा. पण कोणी वाट चुकून तुमच्या दारी आलं, तर त्याला चार पावलं सोबत करा.

बापाचं शेवटचं पत्र मी जपून ठेवलंय. 'ताई, आज लेकीला वर्गात बडबड केली म्हणून उभं केलं. घरी सगळे फार खुशीत आहेत.'