वाचून घेतलेले मेसेज

रुचिराच्या फोनला कुलूप नव्हतं. दहावीनंतर फोन हातात देतानाच शेवंतीने तशी अट घातली होती. सकाळी पोरगी आंघोळीला गेली की फोन फ्रिजवर आणि फ्रिजपुढे शेवंती. दूध उतू गेलं तरी चालेल, पण पोरीच्या फोनातलं काही निसटता कामा नये, असा तिचा खाक्या.

अडचण एकच. शेवंती गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, आणि ही आजकालची कार्टी मराठीच लिहितात, पण इंग्रजी अक्षरांत, तीही अर्धी खाऊन. नावं तेवढी तिला कशीबशी वाचता यायची. त्या आठवड्यात एका ठिकाणी नावच नव्हतं. नुसतं पिवळ्या फुलाचं चित्र आणि त्याखाली ढीगभर मेसेज. नाव लपवलंय म्हणजे मुलगाच असणार, दुसरं कोण? शेवंतीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने आपल्या फोनवर त्या मेसेजचे फटाफट फोटो काढले आणि रुचिरा कॉलेजला जाताच शेजारचं दार वाजवलं.

शेजारच्या पद्मजावहिनी बी.ए. झालेल्या, दहिसरच्या त्या चाळीतल्या पोरांच्या शिकवण्या घेणाऱ्या. दुसऱ्याच्या पोरीचं लफडं वाचायला मिळतंय म्हटल्यावर त्यांनी कुकर बंद करून चष्मा पुसला.

“‘रविवारी सकाळी सात, दिंडोशी. बॅग तुझ्याकडेच राहू दे.’ अगो बाई, बॅगसुद्धा भरलीय! पळवून नेतोय हा तुझ्या पोरीला.”

“पुढे वाचा वहिनी. आज तंगडंच मोडते तिचं.”

“‘घरी कळलं तर संपलं सगळं. आई म्हणते, मांड्या दाखवत मैदानात नाचायचं असेल तर परत या घरात पाय ठेवू नकोस…’”

वहिनी थांबल्या. हे वाक्य मे महिन्यात अख्ख्या चाळीने ऐकलं होतं. गॅलरीत उभं राहून खुद्द पद्मजावहिनींनीच ते आपल्या लेकीला, समीक्षाला सुनावलं होतं आणि तिची कबड्डी बंद केली होती. शेवंतीलाही ते आठवलं. तिने झटकन हात पुढे केला.

“राहू द्या वहिनी. द्या फोन.”

“थांब. आता सगळंच वाचते.”

सगळंच निघालं. क्लासच्या नावाखाली समीक्षा सराव करत होती. रविवारी ज्युनिअर मुलींच्या संघाची निवड होती. तिचे बूट, तिची जर्सी रुचिराच्या कॉटखाली होती. वहिनी तशाच शेवंतीच्या घरात घुसल्या आणि बॅग ओढून घेऊन गेल्या. शेवंती कुठल्या तोंडाने अडवणार? फोटो तिनेच तर नेले होते.

रविवारी सकाळी समीक्षाच्या खोलीला बाहेरून कडी होती. रुचिरा खिडकीशी गेली, तर समीक्षाने आतून एवढंच म्हटलं, “तुझ्याशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं मी,” आणि खिडकी लावून घेतली.

रुचिरा घरात आली ती पेटूनच.

“वाचता येत नाही तर कशाला घेतेस गं माझा फोन?”

“तोंड आवर. आई आहे मी तुझी.”

“आणि तिची आई? तिलाच नेऊन दाखवलंस?”

“मला काय ठाऊक कबड्डी आहे म्हणून? मला वाटलं, पोरगा असेल.”

“पोरगा असता तर बरं झालं असतं. माझी वाट लागली असती, तिची नाही!”

शेवंतीला राग आला, लाजही वाटली, पण माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. “तुझ्या काळजीपोटीच केलं,” असं ती दिवसभर भांड्यांना ऐकवत राहिली.

सोमवारी पोरगी आंघोळीला गेली. फोन नेहमीसारखा फ्रिजवर, बिनकुलपाचा. शेवंतीने तो उचललाच. फूल गेलं होतं. मैत्रिणी, कॉलेजचे ग्रुप, सगळं पुसलेलं. एकच नाव उरलं होतं, ‘आई’. त्याखाली त्याच सकाळचे मेसेज होते. शेवंतीच्या स्वतःच्या फोनवरही ते येऊन पडले असणार, पण तो बघायची तिला सवय कुठे होती!

मेसेज स्वच्छ मराठीत होते, एकही अक्षर न खाता.

‘चहा घेतला.’

‘आंघोळीला जाते.’

‘समीक्षाने माझा नंबर ब्लॉक केला.’

‘यापुढे मी तुझ्याशी बोलणार नाही. काय असेल ते इथे लिहीन. तुला येतं त्याच मराठीत लिहिलंय. आता कोणाकडून वाचून घ्यायला नको.’

शेवंतीने सगळं स्वतःच वाचलं. कुठेही अडली नाही.