चार बोटांची पिसं

पाइनच्या झाडाची बोंडं ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवली की फुलासारखी उमलतात आणि आतले किडेही मरतात, हे कोरीनला बर्निसनं सांगितलं होतं. दोघी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात एकाच मशीनवर चादरींच्या घड्या करायच्या. बर्निसनं पाच मुलं वाढवली होती, त्यामुळे थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या सणाच्या, सुट्टीत पोरांना कशात गुंतवायचं याच्या युक्त्यांची तिच्याकडे कधीच वानवा नव्हती. बोंडाला मागून रंगीत कागदाची पिसं खोचायची, पुढून चोच चिकटवायची, झाला सणाचा टर्की पक्षी. नाहीतर पोराचा पंजा कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची. अंगठा म्हणजे डोकं आणि चार बोटं म्हणजे पिसारा. खर्च काही नाही, आणि पोरं तासभर हलत नाहीत.

तासभर एवढंच कोरीनच्या लक्षात राहिलं. तिला तेवढाच वेळ मिळायचा.

चर्चच्या मागच्या झाडांखालून तिनं बोंडं वेचून आणली. हार्डवेअरच्या दुकानावरच्या तिच्या खोलीत दोन दिवस तापलेल्या बोंडांच्या डिंकाचा वास कोंडून राहिला होता. मंगळवारी रात्रपाळी करून ती बुधवारी सकाळी घरी आली, ती झोपलीच नाही. बोंडं पुसली, कागद रंगांप्रमाणे लावले, मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत एक सुकी फांदी उभी केली. पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं. खायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

एमेट आठ वर्षांचा होता, लॉटी चार. वसंत ऋतूपासून दोघं गावाबाहेर आर्डिस आणि ग्लेन या नवराबायकोच्या घरी राहत होती. सरकारनंच त्यांना तिथं सांभाळायला ठेवलं होतं. त्याआधी कोरीन वृद्धाश्रमात नोकरीला होती. एका आजोबांना उचलताना तिची पाठ धरली, डॉक्टरांनी दुखण्यावर गुंगीच्या गोळ्या दिल्या. पुढे पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. आई उठत नाही म्हणून एमेटनं बहिणीला दूध-कॉर्नफ्लेक्स खायला घालायचं, शाळेत कुणी विचारलं तर मम्माला सर्दी झालीय म्हणून सांगायचं, असं कितीतरी महिने चाललं. शेवटी एका दुपारी लॉटी अनवाणी रस्त्यावर सापडली आणि मग कुणी काही विचारायचं उरलंच नाही.

कोरीननं गोळ्या सोडल्या त्याला आता बराच काळ झाला होता. गोळ्या घेत नाही ना याची आठवड्याला तपासणी होत होती आणि दर वेळी ती स्वच्छ निघत होती. मुलांना भेटायला दर शनिवारी एक तास मिळायचा. सणाच्या आदल्या दिवशीचा हा जादा तास ग्वेननं वर बोलून मिळवून दिला होता. भेटीच्या वेळी खोलीत बसून लक्ष ठेवायचं काम ग्वेनचं. बाई मायाळू होती, पण नियमाला पक्की.

त्या संध्याकाळी नियमाची पहिली चुणूक भेटीच्या कार्यालयाच्या दारातच मिळाली. कात्री आत न्यायची नाही. कोरीननं मुलांची, बोथट टोकांची कात्री आणली होती, तीही दाराजवळ टेबलाशी बसलेल्या बाईनं काढून घेतली. ग्वेन ओशाळून म्हणाली की आधी सांगायला हवं होतं, तिच्याच डोक्यातून गेलं.

"असू दे," कोरीन म्हणाली. "पिसं हातानं फाडू. खरी पिसं कुठं सरळ कापलेली असतात."

हे मात्र लॉटीला फार पटलं. कागद फाडायला मोकळीक, आणि वर कुणी रागवत नाही. ती बुटक्या टेबलाशी गुडघ्यांवर बसली आणि तांबडे, पिवळे, नारिंगी कागद टराटरा फाडत सुटली. तिचा टर्की पाहता पाहता पिसांनी एवढा भरला की बोंड दिसेनासं झालं. एमेट खुर्चीवर जाकीट घालूनच बसला होता. त्यानं एक पीस फाडलं, बोंडात खोचलं आणि पुन्हा हात खिशात घातले. हे सगळं पहिलीतच करून झालंय, तो म्हणाला. बोलण्यात उद्धटपणा नव्हता. पाहुण्यांशी बोलावं तसा तो आईशी बोलायचा, आणि कोरीनला तेच जास्त लागायचं.

मग तिनं बरणीतली फांदी पुढे ओढली. कागदाच्या पानावर, ज्याच्याबद्दल देवाचे आभार मानायचे ते लिहायचं आणि पान फांदीला टांगायचं. लॉटीला लिहिता येत नव्हतं, तेव्हा ती सांगणार आणि मम्मा लिहिणार असं ठरलं. पहिलं पान वॉफलचं झालं. वॉफल म्हणजे आर्डिसकडचा कुत्रा. दुसरं भोपळ्याच्या 'पाय' नावाच्या गोड पदार्थाचं. तिसऱ्या पानाला लॉटीनं जराही विचार केला नाही.

"आर्डिस मम्मा," ती म्हणाली.

कोपऱ्यात ग्वेननं खुर्चीत चुळबूळ केली. एमेटनं बहिणीला टेबलाखालून पाय मारला. कोरीननं मान खाली घातली आणि 'आर्डिस मम्मा' असं गोल, सुबक अक्षरात लिहिलं. पोरीचं काही चुकलं नव्हतं. रात्री ताप आला तर जी उठते तिला पोर आणखी काय म्हणणार? पानाला दोरा ओवताना मात्र दोनदा भोक चुकलं.

"एमेट, आता तुझा पंजा दे," ती घाईनं म्हणाली. "पहिलीतला हात आता केवढा झालाय ते तरी बघू."

त्यानं खिशातून हात काढून दिला. कागदावर पंजा पसरला. कोरीननं एका हातानं त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं पेन्सिल अंगठ्याच्या बुडाशी टेकवली. वसंत ऋतूपासून तिनं त्याचा हात असा धरला नव्हता. भेटताना तो खांद्यानंच मिठी मारायचा. नखं नीट कापलेली होती, बोटाच्या पेरावर शाईचा डाग होता. पेन्सिल अंगठ्यावरून वर चढली, खाली उतरली, आणि पहिल्या बोटाशी आली तेव्हा रेघ थरथरली. कोरीननं पेन्सिल घट्ट धरली. रेघ आणखीच वाकडी झाली.

एमेट रेघेकडे बघत नव्हता, आईच्या बोटांकडे बघत होता. त्यानं पंजा कागदावरून उचलून घेतला.

"मम्मा, तुझा हात हलतोय."

"बाहेर थंडी आहे ना रे. अजून ऊब आली नाही."

"तेव्हापण तू थंडीच म्हणायचीस."

लॉटी गोंदात बोट बुडवून बसली होती, तीही थांबली. एमेटचा आवाज खाली गेला, पण एवढ्याशा खोलीत तो कुठं लपणार?

"परत घेतेस का गोळ्या?"

कोरीननं नाही म्हटलं. शपथ घ्यावीशी वाटली, पण मुलांच्या शपथा तिनं त्या दिवसांत इतक्या खाल्ल्या होत्या की आता तोंड उघडायची सोय नव्हती. रात्रपाळी झाली, झोप नाही, सकाळपासून खाल्लं नाही, असं ती सांगत गेली. सगळं अक्षर न अक्षर खरं होतं, आणि तिच्याच कानांना ते जुन्या थापांसारखं ऐकू येत होतं. खरं बोलायला तिच्यापाशी वेगळे शब्द उरलेच नव्हते.

ग्वेन उठून जवळ आली आणि टेबलाशी वाकली.

"कोरीन, हे मला वर कळवावं लागेल."

"पोरानं नुसतं विचारलंय, ग्वेन."

"माहीत आहे गं मला. पण माझ्यासमोर विचारलंय, आणि हात मीही पाहिला."

मग तिनं हळू आवाजात पुढचं सांगितलं. तपासणी करावी लागेल. प्रयोगशाळा आज दुपारीच बंद झाली, आता सणाची सुट्टी, उघडेल ती सोमवारी. निकाल हातात येईपर्यंत भेटी थांबवाव्या लागतील, म्हणजे शनिवारची भेट नाही. कोरीन म्हणाली, आत्ता करा, इथल्या इथं करा, हवं तर रक्त काढा. ग्वेननं नकारार्थी मान हलवली. तिच्या हातात असतं तर तिनं केलंही असतं, पण नव्हतं. कोरीनच्या हातात तर काहीच नव्हतं.

एमेट दोघींकडे आळीपाळीनं बघत होता. शनिवार बुडाला हे त्याला कळायला वेळ लागला नाही. तो एकदम भराभरा बोलायला लागला.

"मी उगाच म्हणालो. मिस ग्वेन, तिचा हात नव्हता हलत. मीच हललो. मीच हात हलवला म्हणून रेघ वाकडी झाली. तिला सर्दी झालीय फक्त."

कोरीननं त्याच्याकडे पाहिलं. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. शाळेत बाईंसमोर, दारात शेजारणीसमोर, पडद्याआड निजलेल्या आईसाठी हे लेकरू याच आवाजात खोटं बोलायचं. इतक्या महिन्यांत ते आर्डिसच्या घरी नीट जेवायला, नीट झोपायला शिकलं होतं, आणि तिच्या एका तासात पुन्हा तिथंच येऊन उभं राहिलं होतं. ती गप्प राहिली असती तर कदाचित ग्वेननं पोराचा शब्द धरला असता. तसं होणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी एक क्षणभर तिला तो मोह झाला.

ती खुर्चीवरून उतरून त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"नाही एमेट. माझा हात हलत होता. तू पाहिलंस ते खरं आहे."

"नव्हता हलत."

"हलत होता. मी गोळ्या घेतलेल्या नाहीत, पण हात हलत होता. तुला शंका आली, तू विचारलंस, हे बरोबर केलंस. पुन्हा कधीही वाटलं तर विचारायचं. मिस ग्वेन असली तरी विचारायचं. आणि माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही, ऐकलंस?"

त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. त्यानं जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत वर ओढली आणि तोंड आत घातलं. त्याचे खांदे हलू लागले. कोरीननं हात पुढे केला, पण हाताकडे लक्ष जाताच तो मागे घेऊन मांडीखाली दाबला.

उरलेला वेळ कसातरी गेला. लॉटीला एवढंच कळलं की भाऊ रडतोय, तेव्हा तिनं आपल्या टर्कीची दोन पिसं उपटून त्याच्या मांडीवर ठेवली. मग आर्डिस न्यायला आली. उंच, पिकल्या केसांची बाई, हातात मुलांच्या टोप्या. खोलीत काहीतरी बिनसलंय हे तिनं ओळखलं. ती कोरीनला सणाच्या शुभेच्छा द्यायला गेली आणि शब्द अर्ध्यावरच गिळून बसली. गोंद अजून ओला होता. टर्की ठेवलेला ट्रे उचलताना लॉटीच्या टर्कीची चोच गळून जमिनीवर पडली. लॉटीनं भोकाड पसरलं. कोरीन गोंदाची बाटली घेऊन धावली, पण लॉटीनं तोवर आर्डिसच्या पोटात डोकं खुपसलं होतं. आर्डिस तिच्या केसांवरून हात फिरवत, वर न बघता म्हणाली, "घरी गेल्यावर चिकटवू हं." आणि मग कोरीनला, अपराध्यासारखी, "चोच मी जपून ठेवते."

कोरीन म्हणाली, "हो, ठेवा."

गुरुवारी ती कामावर गेली. सण असला तरी हॉस्पिटलच्या चादरी मळायच्या राहत नाहीत. दुपारनंतर बर्निसनं तिला हाताला धरून घरी नेलं, भरल्या टेबलाशी बसवलं, ताटात टर्की, गोड रताळी, क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी वाढली. बर्निसची नातवंडं एकमेकांचे पंजे कागदावर काढत होती आणि मोठ्यानं भांडत होती. पोरांचं कसं झालं, असं बर्निसनं विचारलं. छान झालं, असं कोरीन म्हणाली, आणि मग राहवलं नाही म्हणून सगळं सांगितलं. बर्निसनं तिला रताळी पुन्हा वाढली.

शनिवारी कोरीन खोलीतच बसून राहिली. सोमवारी प्रयोगशाळा उघडायच्या आधीच ती दारात जाऊन उभी होती. निकाल आला तो नेहमीसारखाच, स्वच्छ. ग्वेननं स्वतः फोन करून सांगितलं आणि हेही सांगितलं की वर कळवलेलं मागे घेता येत नाही, पण त्याखाली हा निकाल जोडला जाईल. कोरीननं आभार मानले. आणखी काय करणार?

पुढच्या भेटीला मुलं आली. आता नाताळची तयारी होती, कागदाच्या पट्ट्यांच्या कड्या करून साखळी बनवायची होती. पट्ट्या या वेळी तिनं घरूनच कापून आणल्या होत्या. ग्वेननं सुरुवातीलाच एमेटला जवळ घेऊन सांगितलं की मम्माची तपासणी चांगली आली, ती खरं बोलत होती. एमेटनं मान डोलावली. टेबलाशी येऊन बसला, जाकीटही काढलं. हिरवी पट्टी, लाल पट्टी, हिरवी पट्टी, असा तो मुकाट्यानं कड्या जोडत राहिला. शाळेचं विचारलं तर बरंय म्हणाला. वॉफलचं विचारलं तर बरंय म्हणाला. आईच्या हातांकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. ती गोंद पुढे करायची तेव्हा तो मुद्दाम दुसरीकडे, खिडकीबाहेर बघायचा.

शेवटी कोरीननंच विचारलं.

"एमेट, काही विचारायचंय का तुला? काहीही चालेल."

"नाही," तो म्हणाला.

"नक्की? त्या दिवशी विचारलंस तसं. मला राग नाही येत रे."

एमेटनं एक कडी दुसरीत अडकवली, टोकं जुळवली आणि गोंद सुकेपर्यंत बोटांच्या चिमटीत धरून ठेवली.

"मला काही दिसलं नाही, मम्मा," तो म्हणाला, आणि त्यानं लॉटीकडची लाल पट्टी मागितली.