पत्र्याच्या पेटीतला राऊटर

मी राऊटर बोलतोय. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. टीव्हीच्या मागे, कपाटाच्या माथ्यावर, नाहीतर चपलांच्या मांडणीवर धूळ खात पडलेला. इंटरनेट बंद पडलं की सगळे त्याच्याकडे वळतात, एरवी कुणी ढुंकूनही बघत नाही. माझं तसं झालं नाही. माझी इतकी काळजी घेतली गेली, की त्या काळजीपायी एका घराला कुलूप लागायची वेळ आली होती.

जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. लांबलचक टेबलावर शेकडो भावंडांबरोबर जुळणी झाली, मग पुठ्ठ्याचं खोकं आणि गोदाम. तीन महिन्यांनी कंपनीच्या माणसाने मला पाठपिशवीतून काढलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीजवळच्या फळीवर बसवलं. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. तो कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, ती कापड कारखान्याच्या माग खात्यातून. मी त्यांना आई-बाबाच म्हणतो, कारण माझे दिवे लागल्यावर माझ्यातून या घरात आलेला पहिला आवाज त्यांच्या मुलीचा होता.

"आई, बाबा, दिसतेय का मी?"

"दिसतेस गं! पण वाळलीस किती," आई म्हणाली. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला तिचा व्हिडिओ कॉल येऊ लागला.

आईबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. माग खात्यात इतका खडखडाट असे, की शेजारचीचंही बोलणं ऐकू येत नसे. मग तिथल्या बायका नुसत्या ओठांनी बोलत. आवाज न काढता चार माग पलीकडच्या मैत्रिणीला घरची सगळी भांडणं सांगून होत. तीस वर्षांत त्या खडखडाटाने आईचे कान नेले. पण ओठ वाचायची सवय देऊन गेला. समोर माणसाचं तोंड असलं की तिला सगळं कळायचं.

हे बाबांना ठाऊक होतं. मुलीला नव्हतं. "तिला सांगायचं नाही हं," आईने बजावलं होतं. "कळलं की म्हणेल, तुम्ही एकटे राहू नका, चला माझ्याकडे. मला माझं घर सोडायचं नाही, सांगून ठेवते." बाबांनी मान डोलावली.

आता बाबांचं ऐका. चाळीस वर्षं ज्याने यंत्रांना झाकणं बसवली, त्याला उघडं यंत्र बघवत नाही. मी फळीवर उघडा बसलोय, वायरी लोंबताहेत, दिवे लुकलुकताहेत, हे त्यांना आठ दिवस सहन झालं. नवव्या दिवशी त्यांनी पत्रा आणला. कापला, कडा कानशीने घासल्या, रिव्हेट मारले, बिजागऱ्या लावल्या, हवेसाठी बारीक फटी पाडल्या, वायरीच्या भोकाला रबराची कडी बसवली. वर राखाडी रंगाचे दोन हात आणि कुलूप. खरं सांगतो, अशी देखणी पेटी मी दुसरी पाहिली नाही. "आता कुणाची टाप नाही याला हात लावायची," असं म्हणत त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली.

हात लावायला येणार कोण, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आम्हा राऊटरांचं आणि पत्र्याचं जमत नाही. माझ्या लहरी पत्र्याला आपटून परत माझ्याच अंगावर येऊ लागल्या. फटींतून निसटेल तेवढंच बाहेर. त्यामुळे झालं असं, की कॉलमध्ये आवाज कसाबसा पोचायचा, चित्र मात्र थिजायचं. दुसऱ्या घरात एवढ्याने बिघडलं नसतं. या घरात नेमकं जे चालायला हवं तेच थांबलं. मुलीचा चेहरा अर्धं तोंड उघडून तसाच राही, आवाज येत राही, आणि आई काय बोलावं ते अंदाजाने ठरवी.

"आई, डॉक्टरकडे गेली होतीस का?"

"हो, कालच धुतले," आई म्हणाली. तिला वाटलं, खिडकीच्या पडद्यांबद्दलच चाललंय अजून.

बाबांनी कंपनीला फोन लावला. तिकडून सल्ला आला, मोठा प्लॅन घ्या. घेतला. फरक पडेना. आणखी मोठा घेतला. एखाद्या मोठ्या ऑफिसला पुरेल एवढा वेग त्या पेटीत येऊन पडायचा आणि तिथेच राहायचा. मी आत दिवे लावून बसलेला. किती वेळा वाटलं ओरडून सांगावं, अहो बाबा, दार उघडा. पण आमचं बोलणं दिव्यांतून, आणि दिवे पेटीच्या आत.

आईची उत्तरं दिवसेंदिवस भलतीच होऊ लागली. पुढे तर सहा वाजले की ती स्वयंपाकघरात काम काढू लागली. एकदा मुलीने बाबांनाच विचारलं, "बाबा, आईला विसरायला होतंय का? काहीच्या बाही बोलते. मला भीती वाटते हो." बाबांनी विषय हवापाण्यावर नेला. आठवड्याभरात ती चार दिवसांची रजा काढून आली. दोघांना सोबत घेऊन जायचं आणि घर बंद करायचं, हे ती ठरवूनच आली होती.

ती बाबांना ते सांगत होती, तेव्हा आईने तिच्या ओठांवर स्पष्ट वाचलं. धूळ बसू नये म्हणून पेटीवर घातलेला मऊ कपडा तिने उगाच दोनदा झटकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीला ऑफिसचं काम करायचं होतं. तिचाही पडदा थिजला. "बाबा, राऊटर कुठंय?"

बाबांनी अभिमानाने खिळ्यावरची किल्ली काढली. मुलीने पेटी पाहिली, कुलूप पाहिलं, आत मला पाहिलं, आणि मटकन खाली बसून हसायला लागली.

"बाबा, हा राऊटर आहे. तिजोरी नाही."

"धूळ बसते," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता.

तिने मला बाहेर काढून पेटीच्या माथ्यावर ठेवलं. कित्येक महिन्यांनी मी मोकळा श्वास घेतला. मग तपासून बघायला ती आतल्या खोलीत गेली आणि तिथून बाहेर बसलेल्या आईला व्हिडिओ कॉल लावला. एकाच घरात दोन फोन, कर्कश शिट्टी वाजली. म्हणून तिने स्वतःचा आवाज बंद केला, आणि सवयीने बोलून गेली, "आई, दिसतंय का नीट?"

"अगदी नीट. केस विंचर जरा," आई म्हणाली.

मुलगी थबकली. तिने फोनकडे निरखून पाहिलं. आवाज बंदच होता. मग तिने हळूच विचारलं, "परवा डॉक्टर काय म्हणाले?"

"रक्तदाब ठीक आहे म्हणाले. गोळी तीच. आणि तुझ्या त्या मैत्रिणीला मुलगी झाली ना? तीन आठवड्यांपूर्वी सांगत होतीस, मध्येच तुझं चित्र अडकलं. नाव काय ठेवलं ते राहूनच गेलं."

मुलगी फोन तिथेच ठेवून बाहेर आली. आईच्या पाठीमागे उभी राहून म्हणाली, "आई." पुन्हा, मोठ्याने, "आई!" आई फोनमधल्या रिकाम्या खोलीकडे बघत बसली होती.

"बाबा, कधीपासून?"

"झाली पाच-सहा वर्षं," बाबा म्हणाले. "डोकं शाबूत आहे गं तिचं. माझ्यापेक्षा जास्तच. कानच गेलेत. आणि चित्र या माझ्या पेटीने घालवलं." चाळीस वर्षांत ज्याचं एकही काम परत आलं नव्हतं तो माणूस पेटीच्या कुलपाशी चाळा करत राहिला. मुलगी आईच्या समोर जाऊन बसली, तिचे हात हातात घेतले, आणि रडता रडता बोलू लागली. आई म्हणाली, "रडत बोलू नकोस, ओठ कळत नाहीत." मग दोघीही हसल्या. मला फार बरं वाटलं.

घर बंद करायचा विषय तिथेच संपला. राहिलेले दोन दिवस मुलीने माझ्या कामाला दिले.

"तुम्ही दोघं दिवसभर इंटरनेटवर करता तरी काय?"

"सकाळी मी बातम्या बघतो. दुपारी ती विणकाम बघते. संध्याकाळी तुझा फोन," बाबा म्हणाले. "अजून काय करायचं असतं?"

मग ती जाहिराती न चाळता शेजाऱ्यांकडे गेली. वेग किती, हे तिने कुणाला विचारलंच नाही. विचारलं एवढंच, की बंद पडलं तर माणूस कधी येतो? वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंकडे आमचीच कंपनी. त्या म्हणाल्या, "सकाळी कळवलं की दुपारी हजर." समोरच्या घरात दुसरी, थोडी स्वस्त. तिथले आजोबा म्हणाले, "फोनवर गोड बोलतात हो, येत मात्र कुणी नाही." म्हणून कंपनी तीच ठेवली आणि प्लॅन सगळ्यात लहान घेतला. चित्र कुठे अडकलं नाही. तक्रारीचा नंबर बाबांनी भिंतीवर राखाडी रंगाने रंगवला, दाराबाहेरूनही वाचता येईल एवढा.

आता मी पेटीच्या माथ्यावर असतो. पेटीत बाबांचे पाने आणि पेचकस राहतात, कुलपासकट. आई कानाचं मशीन वापरते, पण सहा वाजत आले की काढून डबीत ठेवते. लेकीशी बोलायला कान कशाला, म्हणते.

माझी एक विनंती आहे. तुमच्या घरच्या थोरल्या माणसांनी फोनवर काही भलतंच उत्तर दिलं, तर त्यांच्या डोक्याबद्दल शंका घेण्याआधी एकदा माझी जागा बघून या. मला मऊ कपडा, कुलूप, काही नको. उघड्यावर ठेवा, धूळ बसली तरी चालेल.

सहा वाजले. मुलगी ऑफिसातून निघायच्या बेतात आहे. भोवती माणसं आहेत, म्हणून तिने आवाज बंद ठेवलाय. बाबा खुर्ची सरकवून बातम्यांत डोकं घालून बसलेत. घरात कसलाही आवाज नाही, आणि दोघी मायलेकी केव्हाच्या भरभरून बोलताहेत.