पालकांसाठी राखीव

मी बाक. मुलींच्या एका नावाजलेल्या शाळेत, फाटकातून आत आलं की डाव्या हाताला, जिन्याच्या सावलीत माझी जागा होती. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'पालकांसाठी राखीव'. आज बोलायला तोंड उघडलंय, पण मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. तुम्ही पालक असाल तर उभ्याउभ्याच ऐका.

मला घडवणाऱ्या सुताराला सांगितलं होतं की मुली बसणार आहेत, कपडे अडकायला नकोत. म्हणून त्याने माझ्या कडा घासून घासून गोल केल्या, एकही खिळा वर राहू दिला नाही. मी खूश होतो. पण शाळेत पोचलो तेव्हा कळलं, मुलींना बसायला सवड नसते. बसतात ते त्यांचे आईबाप.

आणि काय बसतात! एक बाई होती, तिला मी मनात 'टक्केवाली' म्हणायचो. ती कधीच कुणाला कसे आहात म्हणून विचारायची नाही. टेकता टेकता पहिला प्रश्न, "तुमचीला किती?" समोरच्याने आकडा सांगितला आणि तो तिच्या मुलीपेक्षा कमी असला, की ती मायेने म्हणायची, "होतं हो असं. तब्येत सांभाळा तिची." जास्त असला, की तिला एकदम घरचं काम आठवायचं. एक दातांचे डॉक्टर होते. ते सगळ्यांना सांगायचे, "आमचं काही दडपण नसतं. पहिली यायलाच हवी असं नाही. पहिल्या तिघींत आली की झालं." त्यांची मुलगी शेजारी बसून नखं खायची. तिची बोटं मला दिसायची, डॉक्टरांना दिसायची नाहीत. दुसऱ्यांच्या तोंडात बघण्याची सवय, दुसरं काय!

पण माझा खरा राग आहे तो दोन जावांवर.

थोरली एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. धाकटी घरीच केस कापण्याचं, भुवया कोरण्याचं छोटं पार्लर चालवायची. एकाच घरात, थोरली वर आणि धाकटी खाली. दोघींना एकेक मुलगी, वय जवळपास सारखंच, दोघी एकाच वर्गात. थोरलीची मुलगी काही महिन्यांनी मोठी, म्हणून धाकटीची लेक तिला 'ताई' म्हणायची. त्या लेकीला सगळे म्हणायचे छकुली. शाळेत एकदा ताई पहिली, तर एकदा छकुली. मुलींचं त्यावरून कधी बिनसलं नाही. एकीचा डबा दुसरी खायची, आणि रिकामा कुणी केला यावर दोघी खोटं बोलायच्या.

आया मात्र माझ्या दोन टोकांना बसायच्या, मधे पिशव्यांची भिंत.

"वहिनी, कालचा गणिताचा सराव ताईने कुठून केला?" धाकटी विचारायची.

"अगं, ती काही सांगतच नाही मला," थोरली म्हणायची, आणि सरावाचे ते कागद तिच्याच पिशवीत असायचे. धाकटी तरी काय कमी? नवी शिकवणी सापडली की आठवडाभर पत्ता लागू द्यायची नाही.

एकदा टक्केवालीने थोरलीला विचारलं, "एवढं कशाला जिवाला लावून घेता?" थोरली म्हणाली, "दहावी झाल्यावर मला घरी बसवलं. भावाला शिकवायचं होतं. माझ्यासाठी कुणी शाळेच्या दारात असं ताटकळत बसलं असतं ना, तर आज मी लोकांच्या दंडाला पट्टा बांधत नसते बसले." धाकटीचं दुखणं वेगळं होतं. ती फोनवर बहिणीला सांगायची, "या घरात मला विचारतंय कोण? माझी पोरगी पुढे गेली, तरच माझ्या शब्दाला वजन येईल."

दोघींचं म्हणणं ऐकून कुणालाही वाईट वाटलं असतं. मलाही वाटलं असतं. पण पुढचं मी पाहिलंय, म्हणून नाही वाटत.

त्या वर्षी शाळेने निवडक मुलींची एक खास तुकडी काढायचं ठरवलं. त्यासाठी एक परीक्षा. त्या सकाळी छकुली आली तीच वाकून, पोटाशी हात धरून. चेहरा लालबुंद. ती माझ्यावर बसली तेव्हा तिच्या अंगाची धग मला लाकडातून जाणवली.

"आई, मला नाही जमणार गं."

धाकटीने पर्समधून गोळी काढली, पाण्याची बाटली पुढे केली. "दोन तासांचा तर प्रश्न आहे, राणी. मग घरी जाऊन हवी तेवढी झोप. आत्ता नाही म्हणू नकोस."

छकुलीने दुसऱ्या टोकाला बसलेल्या थोरलीकडे पाहिलं. "मोठी आई, तू बघ ना. अंग गरम आहे ना माझं?"

थोरलीने तिच्या कपाळाला हात लावला. रोज आजारी माणसांना हात लावणारी बाई ती. तिचा दुसरा हात माझ्या कडेवर होता, त्याची बोटं एकदम आवळली. मला कळलं, तिला कळलंय. मग ती म्हणाली, "काही नाही गं. परीक्षेच्या भीतीने होतं असं. जा, जा."

ताई जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून हे बघत होती. दोघी वर गेल्या.

परीक्षा निम्मीही झाली नसेल, तोच जिन्यावर धावपळ ऐकू आली. दोन शिक्षिकांनी छकुलीला उचलून खाली आणलं आणि माझ्यावर आडवं केलं. ती कण्हत होती. धाकटी "अगं बाई, अगं बाई" करत नुसती भोवती फिरत राहिली. थोरली मात्र पुढे झाली. उजवीकडे ओटीपोटावर जरासं दाबलं, पोर किंचाळली, आणि थोरली ओरडली, "अपेंडिक्स आहे! गाडी काढा, ताबडतोब!" क्षणात ओळखलं तिने. सकाळी ओळखायला मात्र जमलं नव्हतं.

तेवढ्यात ताई धावत आली. हातात पेन तसंच. तिने छकुलीचं डोकं मांडीवर घेतलं.

"तू इथे काय करतेस?" थोरलीचा आवाज चिरकला. "पेपर?"

"टाकला."

"टाकला म्हणजे? परत जा! वेळ आहे अजून. जा म्हणते ना!"

"आई, ही बघ ना कशी करतेय."

"तिच्याकडे बघायला आम्ही आहोत! तू ऊठ आधी!" आणि तिने लेकीचा दंड धरून ओढला. छकुलीचं डोकं माझ्या लाकडावर आपटलं. माझ्या गोल कडांचा तेवढाच काय तो उपयोग झाला.

ताई उठली नाही. गाडी आली, तशी ती छकुलीबरोबर गाडीत चढली.

ऑपरेशन वेळेवर झालं. थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाल्याचं नंतर दोघी जावा सगळ्यांना सांगत होत्या. धाकटी सांगायची ते आपल्या धावपळीचं कौतुक म्हणून, थोरली आपल्या निदानाचं. गोळी देऊन वर कुणी पाठवलं, हे दोघींच्याही गोष्टीत नव्हतं.

तुम्हाला वाटेल, आता तरी डोळे उघडले असतील. उघडले की! मधली पिशव्यांची भिंत गेली. जन्मात पहिल्यांदा दोघी माझ्यावर खांद्याला खांदा लावून बसल्या, आणि मुख्याध्यापिकाबाईंशी भांडायला एकत्र आत गेल्या. "आमच्या दोघींच्या मुलींवर अन्याय झालाय. परीक्षा पुन्हा घ्या." बाईंनी आधी नाही म्हटलं, मग पुष्कळ वादावादीनंतर मान्य केलं. बाहेर येऊन धाकटी म्हणाली, "वहिनी, तुम्ही होतात म्हणून जमलं." थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. इतकं कुरूप प्रेम मी दुसरं पाहिलेलं नाही.

फेरपरीक्षेच्या दिवशी छकुली बरी होऊन आली, जरा वाळलेली. ताई माझ्यावर येऊन बसली आणि दप्तर तिने मांडीवर ठेवलं.

"चल ना ताई," छकुली म्हणाली.

"मी नाही देणार. तुला द्यायचीये का? खरं सांग."

छकुली थोडी घुटमळली. "हो. मला आवडतं गं ते सगळं."

"मग जा ना, वेडे. मी आहे इथे."

छकुली वर गेली, धाकटी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत. थोरली लेकीसमोर उभी राहिली. "माझं नाक कापायचंय का तुला? ऊठ."

ताईने वर पाहिलं. "आई, त्या दिवशी तू तिच्या कपाळाला हात लावलास. तुला कळलं होतं ना?"

थोरलीने फाटकाकडे बघितलं, पदर सारखा केला. मग हळूच म्हणाली, "तुझ्यासाठीच ना गं सगळं."

"माझं नाव त्यात घालू नकोस," ताई म्हणाली. ती उठली आणि जाऊन पायरीवर बसली. थोरली माझ्यावर टेकली. माझी पाठ तिच्या पाठीला लागलेली होती. आधार देणं माझं कामच आहे, म्हणून दिला. मनापासून दिला नाही.

पुढे शाळेने पालकांसाठी स्टीलच्या खुर्च्या आणल्या आणि मला मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ टाकून दिलं. ऊनपावसाने माझा एक पाय कुजलाय, खाली वीट लावली आहे. पाठीवरची अक्षरं पुसून गेली. पण आता माझ्यावर मुली बसतात.

ताई रोज मधल्या सुट्टीत येते. छकुली खास तुकडीत आहे. तिथे मधल्या सुट्टीतही जादा तास असतो, त्यामुळे ती आली तर अगदी शेवटी, धापा टाकत. कधीकधी ती येते आणि घंटा होते. तरी ताई थांबते. दोघी दोन घास खातात, काहीतरी फालतू बोलून खिदळतात आणि पळतात. पोरींचं ते हसणं किती हलकं असतं, ते तुमचं वजन सोसलेल्या मलाच ठाऊक.

पालकहो, माझं एकच मागणं आहे. तुमची मुलगी कुठे दिसली नाही, तर शोधत मागच्या अंगणात येऊ नका. घंटा झाली की ती तुमचीच आहे. तोवर इकडे फिरकू नका.